ॲल्विन ट्रेझाइझ यांच्या एक्केचाळीस नोंदी

मूंटा गावातील ॲल्विन ट्रेझाइझ यांनी वॉलरूच्या बंदरावरील वजनकाट्यावर जवाच्या ट्रकांची वजने घेण्यात उमर काढली. पावसाचे मोजमाप त्यांनी नोकरीत असतानाच सुरू केले होते. रोज सकाळी नऊला ते परसातील पर्जन्यमापकापाशी उभे राहत. दोन मिनिटे लवकर पोहोचले, तर ती दोन मिनिटे थांबत. पावसाचा आकडा, वाऱ्याची दिशा आणि खाली एखादी ओळ, अशी प्रत्येक दिवसाची नोंद पूर्वी वहीत आणि पुढे संगणकात स्वतंत्र फाईलमध्ये होई. हवामान कार्यालयाला हे आकडे ते विनामोबदला पाठवीत. येत्या मार्चमध्ये या अखंड नोंदींना चाळीस वर्षे पूर्ण व्हायची होती. गावच्या सभागृहात पितळी पाटी लागणार होती आणि भाषण करणार होते गेल्या तीस वर्षांपासूनचे त्यांचे शेजारी, डेस कर्नो.

मे महिन्यात संगणकाची जुनी डिस्क टकटक आवाज करू लागली. ॲल्विन यांनी दोन नव्या डिस्क आणल्या. एक यंत्रात बसवायची आणि दुसरी, तिची हुबेहूब प्रत, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची.

"चालतंय ना ते? मग कशाला त्याचं पोट फाडतोस, ॲल?" डेस कुंपणावरून म्हणाले.

"आवाज करतंय."

"माझे गुडघेपण करतात. मलाही बदलून टाक!"

सारी प्रणाली नव्या डिस्कांवर उतरायला दिवस गेला. यंत्र नव्या डिस्कवर सुरळीत सुरू झाले. दुसरा कोणी असता, तर तेथेच हात झटकून मोकळा झाला असता. परंतु काट्यावर भरलेला ट्रक जोखला, की रिकामा करून तो पुन्हा जोखायचा, ही ॲल्विन यांची जन्माची सवय. त्यांनी जुन्या आणि नव्या फाईलींची यादी समोरासमोर लावली. एरवी ते नोंदी तारखेच्या नावाने पाहत. ही यादी मात्र प्रत्येक फाईल प्रत्यक्ष कधी लिहिली गेली, त्या क्रमाने लागली होती.

यादीत एका जागी एक्केचाळीस फाईली एकत्र आल्या होत्या. नावे तीन जुलै ते बारा ऑगस्ट, दोन वर्षांपूर्वीची. लिहिल्याची वेळ मात्र सर्वांची एकच दुपार: बारा ऑगस्ट, दोन वाजून दहा मिनिटांपासून दोन अडतीसपर्यंत.

प्रथम त्यांनी नव्या डिस्कवर आळ घेतला. उतरवताना वेळा बिघडल्या असतील. म्हणून जुनी डिस्क केबलने जोडून पाहिली. तेथेही दोन दहा ते दोन अडतीस. यंत्राने काहीच बिघडवले नव्हते.

त्या एक्केचाळीस दिवसांत ॲल्विन कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी ॲडलेडला होते. घराची किल्ली डेसकडे होती आणि डेसचा रोज सकाळी फोन येई: "नऊ वाजून एक मिनिट. तीन पॉइंट दोन. तुझे ते मॅगपाय पक्षी आज डोक्यावर धावून आले रे! झोप आता." त्या आवाजावर ॲल्विन यांनी ते दिवस काढले होते. कदाचित त्याने आकडे कागदावर टिपले असतील आणि शेवटी एकदम उतरवले असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी नेहमीप्रमाणे डेस बेकरीतल्या मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी घेऊन आले. ॲल्विन यांनी यादी दाखवली.

"कागदावर लिहायचो," डेस म्हणाले.

"कागद कुठाय?"

"टाकला असेल."

काटा स्थिर होईपर्यंत बोलायचे नाही, ही वजन घेणाऱ्याची रीत. ॲल्विन यांनी यादी डेसच्या पुढ्यात सरकवली. डेस यांनी पेस्टीचे टोक मोडले, पण तोंडात घातले नाही.

"पहिले काही दिवस आलो होतो. मग भाऊ म्हणाला, पोर्ट लिंकनला ये, व्हायटिंग मासे जोरात लागताहेत. फोन तिथनंच करायचो. रेडिओवर शेजारच्या कडिना गावाचा पाऊस सांगायचे, त्यात थोडं कमीजास्त."

"पहिले किती दिवस?"

"तीन. चार. आता कुठं आठवतंय!"

"आणि मॅगपाय?"

डेस यांनी मान खाली घातली. "तुला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटायचं," ॲल्विन म्हणाले.

"अरे, चमचाभर पाणी इकडंतिकडं! कुणाला कळणारे? मार्चचं भाषणसुद्धा लिहून झालंय माझं."

"भाषण नको. किल्ली दे."

किल्ल्यांच्या जुडग्याची कडी घट्ट होती. किल्ली सुटायला वेळ लागला. डेस गेल्यावर पेस्टी टेबलावर तशाच गार झाल्या.

जुन्या डिस्कला ॲल्विन यांनी हात लावला नाही. ती कापडात गुंडाळून वर चिठ्ठी चिकटवली: 'यात बदल करू नये.' हवामान कार्यालयाला पत्र लिहिले, की हे एक्केचाळीस दिवस रद्द धरावेत आणि पाटीची तयारी थांबवावी. मग नव्या डिस्कवरील एकेक फाईल उघडून त्यांनी आकडा आणि खालची ओळ खोडली आणि 'नोंद नाही' असे लिहिले. डेसने खालची ओळसुद्धा हुबेहूब त्यांच्याच धाटणीत लिहिली होती.

शेवटची फाईल बारा ऑगस्टची होती. 'पाऊस नाही. ॲल उद्या घरी येतोय.'

ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. त्या दुपारी डेस खरोखर याच खुर्चीत बसला होता. पण तो दोन वाजता आला होता, नऊला नव्हे. ॲल्विन यांनी तीही ओळ खोडली.