स्लॅबला पाणी कोणी मारलं?

खांद्यावर कांबळं टाकून गावाची राखण करणारे राखणदार, देवचार वगैरे मी कधीच मानले नाहीत. आजही कुणी असली गोष्ट सांगायला लागलं की माझं तोंड आपोआप वाकडं होतं. विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम तपासणं हे माझं काम. म्हशीने बंपर खाल्ला असं शपथेवर सांगणारी माणसं रोज समोर बसतात! त्यामुळे "मी स्वतः पाहिलं" या वाक्यावर माझा विश्वास जरा कमीच. पण या वेळी पाहणारी मीच होते...

आम्ही डिचोलीला राहायचो, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, आवारातल्या भाड्याच्या घरात. सासूबाईंचा सगळा संसार तिथेच, भाटकाराकडचं पडेल ते काम करण्यात गेला. त्यांचं एकच मागणं – "एक तरी चवथ माज्या घरात जावं दी." आपला गणपती आपल्या छपराखाली, बस. म्हणून इब्रामपूरला सासऱ्यांच्या वाट्याच्या जागेत आम्ही घर काढलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाया खणण्याआधी सासूबाईंनी गावच्या जाणत्याकडून राखणदाराला गाऱ्हाणं घालून घेतलं. मी बाजूला उभी राहून मोबाइलवर टाइल्स बघत होते.

घर कुठवर आलं हे आम्हाला कळायचं ते मेस्ताच्या, म्हणजे गवंड्याच्या, संध्याकाळच्या फोटोवरून. सासूबाई फोटो बोटांनी मोठा करून बघायच्या आणि खोड काढायच्याच. "रांदचे कुडीचा जनेल ल्हान जाला." मेस्त बिचारा दुसऱ्या दिवशी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो पाठवायचा.

मे महिन्यात स्लॅब पडला आणि मेस्त दोडामार्गला बहिणीच्या लग्नाला गेला. आता स्लॅबला रोज पाणी मारायला हवं हे पोरंसोरंही जाणतात. मेस्ताला वाटलं, घरचे मारतील. माझ्या नवऱ्याला, संजयला वाटलं, हळर्णचा चुलतभाऊ जातोय. चुलतभावाला वाटलं, मेस्त आहेच की! मेस्त गावात नाही हे मला ठाऊकच नव्हतं; फोटो येईनात तेव्हा मी इब्रामपूरच्या नेटवर्कला शिव्या घातल्या. आठवड्याने उलगडा झाला – तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं.

त्या उन्हात कोरडा स्लॅब! तडे जाणार, पावसात गळणार, मग कसली चवथ? संजयने गाडी तशीच इब्रामपूरकडे पिटाळली. सासूबाई मागे बसून नुसतं देवाचं नाव घेत होत्या. मला तर रडूच येत होतं.

पोचलो तर टाकी कोरडी ठणठणीत, नळीवर धूळ. शिडी गवतात आडवी पडलेली, तिच्यावर वाळवीने माती चढवलेली. म्हणजे ती जागची हललीच नव्हती. संजयने ती झाडून भिंतीला लावली, मी वर चढले... आणि तशीच उभी राहिले.

पाणी साठावं म्हणून मेस्ताने स्लॅबवर मातीची आळी घातली होती. ती सगळी काठोकाठ भरलेली! स्वच्छ, गार पाणी. तडा शोधूनही सापडेना. पाऊस म्हणावा तर खाली पावलागणिक धुरळा उडत होता.

"तडो गेलो गो?" खालून सासूबाईंचा कापरा आवाज.

"नाही हो आई, पाणी आहे पाणी!"

कुंपणापलीकडे काजूच्या बिया वेचणाऱ्या शेवंताकाकी हसायला लागल्या. "असतलाच! तुमचो म्हातारो रोज सकाळी मारता मा. बरो माणूस. हाक मारली तर बोलाक नाय तेवढो."

"खयचो म्हातारो?" संजयने विचारलं.

"खांद्यार कांबळ घेतलेलो. ह्या उनात कांबळ! माका हसू इला."

आमच्या घरात म्हातारा कोणी नाही. मी अख्खी वाडी पालथी घातली, टँकरवाल्यालाही गाठलं, क्लेम तपासावा तशी एकेकाची उलटतपासणी घेतली. पाणी मारलं म्हणणारा कोणी भेटला नाही आणि तो म्हाताराही पुन्हा कुणाला दिसला नाही.

चवथीला पाऊस नुसता कोसळत होता, पण घरात एक थेंब गळला नाही. सासूबाई गणपतीवर फळापानांची माटोळी बांधणाऱ्यांवर हुकूम सोडत पोरीसारख्या घरभर फिरत होत्या. जेवणं झाल्यावर मी हळूच विचारलं, "आई, कोण असेल हो तो?"

त्या केळीची पानं उचलत होत्या. "जल्मभर मी भाटकाराच्या घराक पाणी भरला," त्या म्हणाल्या. "माज्या घराक कोणी भरला, तर तेका नाव कित्याक विचारू?"

हसल्या, आणि पदराने डोळे पुसले. याहून बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.