मॉडेल सोबत आणावे

ड्रॉइंगच्या सरांनी ते पत्रक वर्गात आणलं तेव्हा मी मोहाडीला अकरावीत होते. नागपूरच्या एका फॅशन डिझाइन कॉलेजने अकरावी-बारावीच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक जिल्ह्यातून एक जण निवडणार आणि त्याची कोर्सची सगळी फी कॉलेजच भरणार. आमच्या भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळं होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सर म्हणाले, "जिल्हा अर्धा झाला, म्हणजे कॉम्पिटिशनही अर्धी. भरून टाक फॉर्म."

मला नागपूरला जायचंच होतं. इतकं, की बसस्टँडवर नागपूरची पाटी लावलेली गाडी उभी असली तर मी मुद्दाम दुसरीकडे बघायची. उगाच जीव कशाला जाळा.

डिझाइन सुचायला वेळ लागला नाही. आमच्याकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. माझी आईही बाबांचा चौकडीचा शर्ट घालून जायची. पण शर्ट शिवलेला असतो उभ्या माणसासाठी, आणि रोवणी करणारी बाई दिवसभर ओणवी. वाकली की शर्ट वर सरकतो, कंबर उघडी पडते, बाह्या चिखलात लोळतात आणि खिशातली तंबाखूची डबी पाण्यात जाते. शेताच्या धुऱ्यावर बसून हे मी कितीदा पाहिलं होतं. मी वाकलेल्या बाईसाठी शर्ट काढला. पाठ लांब, पुढचा भाग आखूड, कोपराशी इलॅस्टिक आणि काखेखाली झाकणाचा खिसा. उभ्या बाईच्या अंगावर तो वेडाविद्रा दिसला असता, पण वाकलेल्या बाईला झकास बसला असता.

चित्र पहिल्या फेरीत पास झालं. पत्र आलं, अंतिम फेरीसाठी भंडाऱ्याला हजर राहावे, मॉडेल सोबत आणावे.

आता मॉडेल हा शब्द आमच्या शाळेत फक्त विज्ञान प्रदर्शनात निघायचा. थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, हे आमचं मॉडेल. सरांनी वर्षानुवर्षं अशी मॉडेलं तालुक्याला नेलेली. ते लगेच म्हणाले, "एकास चार स्केल घे." मीही पट्टी घेऊन बसले. पुढे बरीच वर्षं मी सगळा दोष सरांच्या माथी मारला, पण खरं सांगायचं तर मलाही शंका आली नव्हती.

बांबूच्या कमच्या बांधून, आत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून मी हातभर उंचीची ओणवी बाहुली केली. प्लायवूडच्या तुकड्यावर ती उभी केली आणि बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी म्हणून खाली काच बसवली. शर्टाची शिलाई हातानं घातली, अगदी बारीक. आई जवळ बसून तणस निवडून देत होती. मधेच म्हणाली, "माह्या मापाचा काहून नाही शिवत?"

"मॉडेल मागतलं आहे त्यायनं. तुले काय समजते त्यातलं?"

ती पुन्हा तणस निवडायला लागली. थोड्या वेळानं बाहुलीकडे बघून म्हणाली, "एवढी ताठ नाही वाकत कोणी. तिचे गुडघे थोडे मोड." मी मोडले, आणि बाहुली एकदम खरी दिसायला लागली.

भंडाऱ्याच्या एसटीत आईनं तो प्लायवूड मांडीवर धरला. सभागृहात पोचलो तर जिकडेतिकडे नटलेल्या मुली. कुणी बहिणीला आणलं होतं, कुणी मैत्रिणीला. एकेक स्पर्धक बोलायचा आणि त्याचे कपडे घातलेली मुलगी स्टेजवर चालून दाखवायची. तिसरी मुलगी चालून गेली तेव्हा मला कळलं, की मॉडेल म्हणजे हे. पळून जावंसं वाटलं, पण तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

परीक्षक बाईंनी शर्ट जवळून बघितला. खिशाचं झाकण उघडून पाहिलं. "कल्पना फार छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तुझं मॉडेल कुठंय?"

"हेच मॉडेल आहे, मॅडम."

सभागृह हसलं. दुष्टपणानं नाही, पण हसलं. बाईंनी समजुतीनं सांगितलं की कपडा अंगावर दिसायला हवा, नियमच तसा आहे. मी प्लायवूड उचलून खाली आले. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं हात पुढे केले आणि तो पुन्हा मांडीवर घेतला.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. सरांचा राग, हसणाऱ्यांचा राग, बाहुलीचा राग. वरठी गाव मागं पडल्यावर आई हळूच म्हणाली, "आईले कायले सगळ्यायपुढं चालवावं, म्हणून तू बाहुली केली का? लाज वाटत असंन तं वाटू दे. मले त्याचं काही नाही."

मला इतकंच म्हणायचं होतं, की नाही वं, मले ठाऊकच नोयतं. पण रागाच्या भरात मी म्हणाले, "आता काही बोलू नको, आई." तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

नागपूरला मी शेवटी आलेच, बी.ए. करून. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग बघते. मागच्या दिवाळीत घरी गेले होते. आईची रोवणी आता सुटली आहे, गुडघे उचलत नाहीत. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी काही विषय नसताना सांगून टाकलं, की मॉडेल म्हणजे माणूस असतं हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

तिचा हात सुपात थांबला.

"मंग बसमधीच सांगाचं होतं," ती म्हणाली. "एवढे वर्स मी आपली..." पुढचं तिनं सांगितलं नाही. एक खडा काढून बाजूला टाकला. "मी चालली असती वं. वाकून चालली असती."

ती फी कुणाला मिळाली ते मला आठवत नाही. ज्याला मिळाली त्याचं भलं होवो. मला फक्त आई त्या स्टेजवरून चालताना पाहायची होती.