बिनतोंडाची पंगत

महिपतीला चित्र काढायला कुणी शिकवलं, असं विचाराल तर खरं उत्तर एकच आहे: रेल्वेनं. लोणावळ्याच्या शेडमध्ये तो वीस वर्षं मालगाडीच्या वाघिणींवर आकडे रंगवत होता. दुपारच्या सुट्टीत वाघिणीच्या टपावर बसून भाकरी खायची आणि खाली फलाटावरची माणसं बघायची, एवढीच त्याची चैन. तिथून कुणाचे नाकडोळे दिसत नसत. पण कोण कुणापुढं वाकलंय, कोण कुणाला टाळतंय, कोण साहेबाच्या सामानाकडं किती मायेनं बघतंय, ते मात्र लख्ख दिसे. घरी येऊन तो तेच काढायचा, जुन्या पत्र्यांवर. दोन-तीन रंगांचे गोळे, त्यांना पाठी, माना, हात. तोंड कुणालाच नाही. शेजारी म्हणायचे, "माणसं अर्धवटच सोडलीस व्हय रं?"

मळवलीजवळच्या त्याच्या गावाला १९३७ साली एकाएकी कलेचा पुळका आला. भैरवनाथाच्या देवळापुढं नवा सभामंडप झाला होता आणि त्याची एक भिंत उघडीबोडकी होती. तिच्यावर जत्रेतली मानाची पंगत काढायची, असं रखमाजी पाटलांच्या मनात आलं. आता मानाची पंगत म्हणजे काय पोरखेळ? पहिल्या पानावर पाटील, दुसऱ्यावर कोण, तिसऱ्यावर कोण, सगळं ठरलेलं. त्या क्रमापायी गावात डोकी फुटली होती. एखाद्या वर्षी देवाची पूजा राहिली असती तर चाललं असतं, पानांचा क्रम हलता कामा नये! पाटलांना तो क्रम एकदाचा भिंतीवर पक्का करायचा होता, मधोमध स्वतःच्या मिशांसकट.

"महिपती वाघिणीवरचा आकडा कसा सरळ काढतो! माणूस काय वाकडं काढंल?" पाटील म्हणाले आणि गावानं माना डोलावल्या. पाटील बोलले की माना डोलवायच्या, ही गावाची जुनी सवय.

महिपती हरखून गेला. बिचाऱ्याची चित्रं आजवर गोठ्यातल्या कोंबड्यांखेरीज कुणी धड बघितली नव्हती, आणि आता सबंध गावाची भिंत! त्यानं रजा टाकली, भिंतीपुढं चादरी बांधल्या आणि तीन आठवडे त्यांच्यामागं राबला. त्याची बायको रतनबाई घरी गेरू खलायची, काजळी धरायची, दोन वेळेला भाकरी धाडायची. "काय काढताय एवढं?" तिनं एकदा विचारलं. "बघशील की," तो म्हणाला आणि विसरला.

जत्रेला आठ दिवस उरले तेव्हा चादर काढली. सगळे बाप्ये जमले होते. चाळीस माणसं पंगतीला बसलेली आणि एकालाही तोंड नाही! गेरूच्या पाठी, काळ्या माना, पिवळे हात. मग गेणू खुदकन हसला. "आरं, ह्यो बगा आमचा कोंडाजी! आपलं पान सोडून दुसऱ्याच्या पानात बगतोय!"

कोंडाजी त्याचा थोरला भाऊ. दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. तो उसळला, "आन तू बग की! पाटलाच्या कानात शिरलायस नुस्ता!"

झालं! जो तो दुसऱ्याला ओळखायला लागला. पाटलांना तर शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं: मधली आकृती अशी मागं रेललेली, की घास कुणीतरी आणून भरवावा. गंमत अशी, की स्वतः मात्र कुणालाच कुठं सापडेना. बाकीचे एकोणचाळीस हुबेहूब साधले होते, चुकला होता तो फक्त आपला एकट्याचा आकार!

पाटलांनी निवाड्याला लोणावळ्याहून दीनानाथ मास्तरांना आणलं. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, म्हणजे मुलांकडून वर्षभर तोच एक पेला काढून घ्यायचे. चष्मा पुसून ते म्हणाले, "कोपराला हाड नाही. छायेचा पत्ता नाही. अहो, हे चित्र अपुरं आहे." गावाला हायसं वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसानं सांगितलं, म्हणजे आपण तसे नाहीच.

"शनिवारपातुर तोंडं काढ," पाटलांनी हुकूम सोडला. "समद्यांची. चांगली, हसरी. न्हाईतर चुना मारतो भिंतीला." आणि चादर पुन्हा चढली.

दोन दिवस महिपती धड जेवला नाही. शुक्रवारी सकाळी मात्र मुकाट्यानं रंग घेऊन मंडपात गेला. तोंडं तर तोंडं! चाळीस हसरी थोबाडं फासली की भिंत राहते, जत्रेला दहा गावची माणसं बघतात. जन्मात एकदा भिंत मिळालेली, ती हातची घालवायची म्हणजे काय? पहिलं नाक पाटलांचं काढावं म्हणून त्यानं कुंचला उचलला, तेवढ्यात रतनबाई भाकरी घेऊन आली. चित्र तिनं अजून बघितलंच नव्हतं.

"आगं बया!" ती पदर तोंडाला लावून हसतच सुटली. "हे कोंडाजी भावजी, हावरट मेले! हे गेणू भावजी. आन जेवाण सोडून समद्यांकडं टकामका बगतोय, त्यो कोपऱ्यातला... तुमी! अवो, तोंडं कशाला काढताय? वळखू येत्यात की सगळी."

महिपतीचा ऊर भरून आला. हे ऐकायला तो वीस वर्षं आसुसलेला होता, आणि ऐकवणारं माणूस घरातच होतं. त्या शहाण्यानं कधी विचारलं असेल तर शपथ!

रतनबाई भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आली. "आन मी कुटं हाय?"

"मानाच्या पंगतीत बायका बसत न्हाईत."

"बसत न्हाईत, ठावं हाय. पर चाळीस जणांचं रांधलं कुणी? वाढलं कुणी?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती आपली भाकरीचं फडकं सोडायला बसली. साऱ्या मुलखाची वाकणी-टाळणी टिपणारा मोठा चित्रकार, आणि त्याला गेरू खलणारी बायको दिसली नव्हती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हातात एक दिवस होता. त्यात चाळीस तोंडं बसली असती, किंवा एक बाई, घाई न करता काढलेली. दोन्ही बसत नव्हतं. त्यानं पाटलांचं नाक काढायचं तसंच राहू दिलं आणि डाव्या टोकाला गेला. दिवस कलेपर्यंत तिथं मोठ्या पातेल्यावर वाकलेली एक पाठ उभी राहिली. एका हातात पळी, दुसरा हात पदर मागं सारणारा. सगळ्या पंगतीपेक्षा मोठी. तोंड नाहीच.

शनिवारी पाटील आले. तोंडं नाहीत ती नाहीतच, वर एक बाई जास्त! तीही पंगतीच्या सुरुवातीला, खुद्द पाटलांहून मोठी! पुढचं काय सांगायचं? चुन्याच्या बादल्या आल्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे गेणू आणि कोंडाजी एकाच बादलीत कुंचे बुडवून सख्ख्या भावांसारखे कामाला लागले. सुरुवात डाव्या टोकापासून झाली.

रतनबाई मंडपाच्या पायरीखाली उभी राहून बघत होती. महिपती तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. आधी पळी गेली, मग हात, मग पाठ.

"मला आदीच काढायला पायजे व्हतं तुमी," ती म्हणाली. "चार दिस तरी भिंतीवर ऱ्हायले असते."