बंदीची खुर्ची

चांगल्या वागणाऱ्या खेळाडूंचे किस्से होत नाहीत, हे मी आमच्या कबड्डी मंडळात शिकले. पोरगं वेळेवर आलं, खेळलं, नमस्कार करून घरी गेलं, तर त्यात सांगायचं काय? सांगण्यासारखं घडतं ते मैदानाबाहेर. कुणी लॉजमधली खाट मोडतो, कुणी सिग्नलवर हमरीतुमरीवर येतो, एकानं तर भलत्याच्या लग्नात जेवून नवरदेवाशीच वाद घातला होता! हे सगळं फिरून माझ्याकडे येतं, कारण मी मंडळाच्या शिस्तपालन समितीची अध्यक्ष आहे. नवऱ्याच्या मते आमच्या घरात पेपर घ्यायची गरजच उरलेली नाही.

*

अध्यक्ष कशी झाले, तेही ऐका. शाळेतून पीटीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात अण्णा घरी आले. अण्णा म्हणजे आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. द्राक्षांवर फवारायच्या औषधांचं दुकान, मन मोकळं, आणि कुठलंही भांडण मिटवून टाकायची दांडगी हौस.

"बाई, एका समितीवर नाव द्या. समितीत बाईमाणूस असलं की बरं दिसतं."

"काम काय असतं?"

"काम काहीच नसतं. म्हणून तर तुम्हाला विचारतोय!"

समितीत आम्ही तिघं. मी, अण्णा आणि कोच शेख सर. शेख सर लष्करात कबड्डी खेळून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पहून रोज स्कूटरवर येतात. पहिली बैठक अण्णांच्या दुकानात, औषधांच्या खोक्यांवर बसून झाली. मोडलेल्या खाटेचं प्रकरण होतं. अण्णांनी आधीच्या सगळ्या प्रकरणांचे निकाल तोंडपाठ म्हणून दाखवले. प्रत्येकाचा शेवट एकच, 'संबंधित खेळाडूला समज देण्यात आली.'

मी विचारलं, "समज दिली म्हणजे नेमकं काय केलं?"

अण्णा शेख सरांकडे बघायला लागले. सरांना खोटं बोलता येत नाही.

"मॅडम, चहा पाजला," ते म्हणाले.

*

मग अण्णांना मोबाईलवर माफी मागायची कल्पना सुचली. आमच्या एका पोरानं इन्स्टाग्रामवर पंचांना आईवरून शिव्या घातल्या होत्या. अण्णांनी त्याला मंडळाच्या बॅनरसमोर उभं केलं, केस विंचरायला लावले आणि माफीचा व्हिडिओ काढला. पोरगं देखणं, आवाज कापरा, डोळ्यात पाणी. व्हिडिओ असा पळाला की विचारू नका! त्याच्या चढाया जेवढ्या लोकांनी कधी पाहिल्या नव्हत्या, त्याच्या कितीतरी पट लोकांनी माफी पाहिली. मुलींनी खाली लाल बदाम टाकले.

पंचांना मात्र कुणी फोनसुद्धा केला नव्हता. ते मलाच भाजी मंडईत भेटले तेव्हा कळलं.

मी पोराला बोलावलं. बराच वेळ समजावून सांगितलं की माफी ज्याची मागायची त्याच्याकडे मागायची असते. तो खाली मान घालून सगळं ऐकत होता. मला वाटलं, चला, काहीतरी आत गेलं. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "बाई, अजून कुणाची मागायची आहे का?"

*

यानंतर मी हट्टच धरला की खरी शिक्षा हवी. अण्णा म्हणाले, ठीक आहे, बंदी घालू. एका पोरानं रिक्षावाल्याची काच फोडली होती, त्याच्यावर बंदी घातली. मी खूश! घरी आल्यावर लक्षात आलं की बंदी पावसाळाभर आहे, आणि पावसाळ्यात आमच्याकडे एकही स्पर्धा नसते.

तेव्हा बंदी दिवाळीच्या पुढे वाढवली. पोरगा मैदानावर दिसेनासा झाला. सगळे म्हणाले, बघा, कसा वठणीवर आला.

त्या थंडीत निफाडकडच्या एका गावात अण्णा प्रमुख पाहुणे म्हणून गेले. शाल, नारळ, भाषण, सगळं झालं. मग उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस द्यायला उठले. समोर आमचाच पोरगा, दुसऱ्याच मंडळाची जर्सी घालून आणि दुसरंच नाव सांगून! अण्णांनी बक्षीस त्याच्या हातात दिलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटोसाठी हसत म्हणाले, "शाब्बास बाळा, शिस्त अशीच ठेव."

हा किस्सा आम्ही हसून हसून सांगतो. शेख सर मात्र त्याला कधी हसत नाहीत. तो पोरगा आमच्याकडे परत आलाच नाही. पुढे तो कुणाबरोबर फिरतो, काय करतो, ते कानावर यायचं आणि ऐकवायचं नाही. सर एकदा म्हणाले, "मॅडम, आपण त्याला मैदानातून काढलं. तो गेला कुठे, ते आपण विचारलंच नाही. फौजमध्ये असं नसतं. तिथं शिक्षा झालेला माणूस सगळ्यांच्या नजरेसमोर असतो."

मला ते फार लागलं.

*

त्यातून खुर्ची आली. नियम सरांचा, समितीनं तो मान्य केला. ज्याच्यावर बंदी, त्यानं रोज संध्याकाळी पूर्ण गणवेशात यायचं आणि मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसायचं. खेळायचं नाही. मॅट झाडायची नाही, पाण्याच्या बाटल्या वाटायच्या नाहीत, कारण तसं केलं की लोक लगेच 'किती गुणी पोरगा' म्हणायला लागतात. नुसतं बसायचं. आणि कुणीही विचारलं, 'का बसलास?', तर जे केलं ते एका वाक्यात खरं सांगायचं.

कबड्डीत बाद झालेला खेळाडूही बाहेर बसतो, पण आपल्या संघानं गुण घेतला की आत येतो. या खुर्चीवरच्याला इतरांच्या गुणांचा काही उपयोग नव्हता.

आमचं मैदान इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकला लागून आहे. तिथे फिरणाऱ्या ज्येष्ठांना हा नियम कसा कळला देव जाणे! एका आठवड्यात आजोबांच्या फेऱ्या वाढल्या. प्रत्येक फेरीला एकजण थांबायचा, "काय रे, काय केलंस?" उत्तर ऐकायचे, चुकचुकायचे, आणि पुढे जाऊन दुसऱ्याला पाठवायचे. डॉक्टरांनी सांगूनही जे कधी चालत नव्हते, तेही चालायला लागले.

पहिला खुर्चीवाला चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "बाई, मला मैदानाला वाटेल तेवढ्या चकरा मारायला लावा, पण या आजोबांना आवरा!"

*

आता वैभवचं सांगते. हे सांगताना मला हसू येत नाही.

वैभव आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू. दिंडोरीकडचा, घरची थोडी शेती, आईबापानं पोटाला चिमटा घेऊन खेळू दिलेला. जिल्ह्याच्या संघात निवड झाली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा रस्ता मोकळा होणार होता. त्या निवडीला थोडेच दिवस उरले असताना संघ एक स्पर्धा जिंकला आणि सकाळी मिसळ खायला गेला. गर्दी होती. हिरामण नावाच्या वेटरच्या हातून रस्सा वैभवच्या नव्या जर्सीवर सांडला. वैभवनं उठून त्याच्या कानाखाली मारली. चढाईपटूचा हात तो! हिरामणच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, त्या कानानं पुन्हा ऐकू येईलसं वाटत नाही.

हिरामण पेठ तालुक्यातला, बायकापोरांना गावी ठेवून हॉटेलातच राहणारा. अण्णांनी दवाखान्याचं सगळं पाहिलं आणि हॉटेलमालकाशी बोलून घेतलं. पोलिसात काही गेलं नाही. मी आणि सर भेटायला गेलो, तर मी प्रश्न हिरामणला विचारायची आणि उत्तर मालक द्यायचा. "त्याची काही तक्रार नाही, बाई." हिरामण टेबल पुसत होता.

मंडळात सगळे वैभवच्या भवितव्याबद्दल बोलत होते. पोराचं करिअर, पोराची नोकरी, पोराचं टेन्शन. कानाचा विषय एकानंही काढला नाही. मला इतका संताप आला की मी अण्णांच्या दुकानातला चहा न पिताच उठले.

वैभव खुर्चीवर बसला. किती दिवस, ते सरांनी ठरवू दिलं नाही. "वाक्य सरळ येईल त्या दिवशी उठेल," ते म्हणाले.

*

आणि वाक्य काही सरळ येईना.

पहिल्या दिवशी आजोबांनी विचारलं, तर वैभव म्हणाला, "हॉटेलात जरा बाचाबाची झाली." दुसऱ्या दिवशी, "जरा राग आला व्हता." मग, "हात लागला एकाला." आजोबा चुकचुकून पुढे जायचे आणि सर लांबूनच मान हलवायचे.

मी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसले. "वैभव, काय झालं ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत हाय, बाई."

"मग बोलत का नाहीस?"

तो मॅटकडे बघत राहिला. "तोंडातून निघालं की ते खरंच व्हईल, बाई."

मला त्याचा रागही येत होता आणि त्याच्या आईचा चेहराही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

निवड रविवारी होती. गुरुवारी अण्णा भडकले. "एका वाक्यासाठी पोराचं वाटोळं करता काय, बाई?" आणि गप्प बसतील तर ते अण्णा कसले! वैभवला दुकानात नेऊन त्यांनी त्याच्याकडून वाक्य घोटून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी आजोबांनी विचारल्याबरोबर वैभव उभा राहून म्हणाला, "माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो."

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी वळूनही पाहिलं नाही.

"हे अण्णांचं आहे," ते म्हणाले. "अण्णांना बसवा खुर्चीवर."

*

शनिवार उजाडला. संध्याकाळी शेवटचा सराव होता. निवडीला पाठवायच्या पोरांची यादी सरांच्या हातात होती आणि वैभवचं नाव त्यात नव्हतं. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. वैभव खुर्चीवर, गणवेशात, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

ट्रॅककडून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. जवळ आल्यावर मी ओळखलं, हिरामण! त्याची सुट्टी होती. ट्रॅकवरचेच एक आजोबा त्याच्याकडे मिसळ खायला जातात, त्यांनी त्याला सांगितलं होतं की तुला मारणारा इथे बसतो आणि विचारलं की सांगतो.

सराव आपोआप थांबला. वैभव उठू लागला, तर हिरामणनं हातानंच खाली बस म्हणून खूण केली. स्वतः शेजारच्या पायरीवर टेकला आणि म्हणाला, "काय रं, काय केलंस तू? हितं इचारलं की सांगतोस म्हनं."

वैभवचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले.

"मी तुमच्या कानाखाली मारली," तो म्हणाला. "तुमची काय चूक नव्हती. तुमचा कान गेला."

हिरामणचा चेहरा तसाच होता. त्यानं मान वळवली आणि उजव्या कानावर बोट ठेवलं.

"त्या बाजूनं काय ऐकू येत नाय. ह्या बाजूला येऊन सांग."

वैभव उठला. खुर्चीला वळसा घालून हिरामणच्या उजवीकडे गेला, मातीत उकिडवा बसला आणि पुन्हा सगळं सांगितलं. शब्द तेच होते, पण या वेळी तो रडत होता, आणि मीही.

अण्णांना राहवेना. त्यांनी जोरात टाळी वाजवली. "चला! मिटलं एकदाचं!"

हिरामणनं वैभवकडे पाहिलं. "काय म्हनतात ते?"

वैभव त्याच्या उजव्या कानाजवळ वाकला.

"मिटलं म्हनत्यात," तो म्हणाला. "नाय मिटलं, दादा."

शेख सरांनी शिट्टी मारली.

"वैभव, चढाईला जा."