सानवीच्या बालवाडीतल्या मावशी

मूल दारात आलं की मावशी आधी जमिनीवर बसायच्या. गुडघे कटकन वाजायचे. मुलाच्या डोळ्यांसमोर स्वतःचे डोळे आले की मगच म्हणायच्या, "ये. घाई कोनाला हाय?"

घाई मला होती. तुम्हीही पाहिल्या असतील अशा आया, मुलाला आत सोडून फाटकापाशी रेंगाळणाऱ्या. मी त्यातली. माझी सानवी साडेतीन वर्षांची. हातापायांत जोर कमी, घास गिळायलाही वेळ लागायचा. तीन बालवाड्यांनी "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणत गोड बोलून परत पाठवलं होतं. शिरवण्यातल्या चौथ्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "महिनाभर बघू."

मावशी तिथल्या मदतनीस, गावातल्याच. मी घरून सानवीची पट्ट्याची खुर्ची नेली, तर म्हणाल्या, "सगली पोरं खाली बसल्यात, ही एकटी वर कशाला?" आणि सानवीला त्यांनी गोलात, स्वतःच्या मांडीला टेकवून बसवलं.

तिसऱ्या आठवड्यात मी बेलापूरला ऑफिसात असताना बाईंचा फोन आला. "लगेच या." एवढंच. काय झालं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रिक्षात मी नुसती पुढची दांडी धरून बसले.

सानवी बरी होती. डोळे लाल, पण बरी. शेजारच्या आरवनं मायेनं आपलं बिस्किट तिच्या तोंडात घातलं होतं, ते घशात अडकलं. मावशींनी तिला मांडीवर पालथं घालून पाठीत थापा मारल्या, तेव्हा तुकडा बाहेर आला.

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "माफ करा, मला ही जबाबदारी नाही झेपणार. उद्यापासून नको."

मावशींनी पदरानं सानवीचं तोंड पुसलं.

"मीपन घाबरले, बाई. खोटं नाय बोलत. पन ती उद्या आली नाय, तर त्या आरवला काय सांगू? तू खाऊ दिलास म्हनून तिला काढली?"

आरव कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तिला कसं भरवायचं ते शिकवणारं कोणी आहे?"

दुसऱ्याच दिवशी मी सानवीच्या थेरपिस्टना घेऊन गेले. मान किती वाकवायची, घास केवढा, दोन घासांत किती थांबायचं, सगळं बाई आणि मावशी दोघी शिकल्या. सानवी राहिली.

पुढच्या वर्षी मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्या लेकीकडे उरणला गेल्या. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण बाईंनी सांगितलं, "त्या रोज खाऊच्या वेळेला फोन करतात. सानवीनं 'खाल्लं' असं मी म्हणेपर्यंत ठेवत नाहीत." इतके दिवस मला वाटायचं, काळजी काय ती मलाच.

एका सोमवारी तो फोन आला नाही. बाईंनी वाट पाहिली, मग स्वतःच लावला. लेकीनं उचलला. मावशी पहाटेच वारल्या होत्या.

बाई मला हे सांगत होत्या तेव्हा सानवीची वाटी त्यांच्या हातातच होती. तिनं सगळं खाल्लं होतं. ते कोणाला सांगावं, हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.