लस टोचलेले ससे

दिल्लीत आर. के. पुरमला मोठ्या भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या रविवारी मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. भाची चौदाची झाली तरी वहिनी तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस काही घेऊ देत नव्हती. वहिनीची स्वतःची आई त्याच कॅन्सरने गेली होती, तरीसुद्धा! महिनाभर फोनवर समजावत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"तुम्ही लोक सशांवर करून बघता, ते ठीक. माझी पोर काय ससा आहे?" वहिनीने पोह्यांची बशी माझ्यापुढे आदळली.

"अगं, म्हणूनच तर आधी सशांवर करतो ना!" मीही आवाज चढवला. माझं कामच ते. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. माणसाचा विषाणू सशाला लागत नाही, पण सशांचा आपला एक असतो, त्याच जातकुळीतला. त्यावरची लस आम्ही काही सशांना टोचली, काहींना नाही, आणि मग सगळ्यांना विषाणू दिला. लस नसलेल्यांच्या अंगावर गाठी आल्या. लसवाले ठणठणीत! हे सांगताना मला दर वेळी अभिमान वाटतो, का वाटू नये?

"वॉव, आत्या! मग ते वाचलेले ससे आता कुठे आहेत?" भाचीने विचारलं.

झालं! तिथेच घोडं अडलं. 'मजेत गवत खाताहेत' म्हटलं असतं की काम फत्ते. पण सुई हिच्या दंडात जायची होती, हिच्याशीच खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं.

"मारले," मी म्हणाले. "आतूनही काही झालं नाही ना, ते बघायला मारावंच लागतं. वाईट वाटतं गं. फार वाटतं."

भाचीने चमचा खाली ठेवला. "पण ते तर बिल्कुल ठीक होते, यार!" तिचे डोळे भरून आले.

आता वहिनी मला दाराबाहेर काढणार, अशी माझी खात्रीच झाली. तिने ओट्याकडे तोंड केलं.

"दुखलं का त्यांना?" तिने विचारलं.

"नाही. आधी भूल देतो. झोपेतच जातात."

"आईला फार दुखलं," वहिनी म्हणाली. "ओरडायची. मी बाहेरच्या खोलीत कानात बोटं घालून बसायचे."

मग ओढणीने डोळे पुसून ती लेकीकडे वळली.

"उद्या शाळा बुडव. आपण तिघी जाऊ."