सिस्टरचं पोरगं

पंच्याऐंशीच्या सुमारास मी काविळीने मुलुंडच्या एका इस्पितळात पडून होतो. आमच्या वॉर्डातली सिस्टर नाडी बघून झाली की मनगट हळूच थोपटायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी कांजूरमार्गहून तिच्या शेजारणीचा फोन आला. मुलगा जिन्यावरून पडला होता, डोक्याला खोक पडली होती.

“बदली सिस्टर आल्याशिवाय जाता येणार नाही,” मेट्रन म्हणाल्या. “घरी दुसरं कुणी नाही का?”

आम्ही पेशंट मात्र दिलदार. “जा सिस्टर, पोरगं आधी,” सगळे म्हणालो. फक्त जाता जाता एकाला सलाईन बघून हवं होतं, दुसऱ्याला उशी सारखी करून आणि मला पाणी. तिने सगळं केलं, मग मेट्रनना म्हणाली, “मेमो टाइप करून ठेवा मॅडम, आल्यावर सही करते.”

ती रिक्षातून मुलाला इथेच घेऊन आली. टाके पडल्यावर त्याला आमच्या वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर निजवून ती उशाशी बसली.

“नातेवाइकांची वेळ संपली,” मेट्रन म्हणाल्या.

“मी नातेवाईक नाही मॅडम, ड्यूटीवरची सिस्टर आहे,” ती म्हणाली.

यावर नियम सापडेना, तेव्हा मेट्रननी त्या खाटेवरचा पंखा वाढवला.